भाषा हरवलेल्या नटांची साठ वर्षं : ओडिन टिएट्रेटचा प्रवास

प्रश्न असा आहे : "आमचा दहा जणांचा नाट्यगट आहे. परदेशातल्या महोत्सवांत प्रयोग करायची फार इच्छा आहे. त्यासाठी नाटक इंग्रजीत करावं का? डेन्मार्कची ओडिन टिएट्रेट ही संस्था इतकी वर्षं जगभर कशी फिरली, तिचा इतिहास सविस्तर सांगाल का?"

यातला इतिहासाचा भाग मी आधी घेतो, कारण इंग्रजीचं उत्तर त्याच्या ओघात येईलच. मी पंचवीसेक वर्षं छोट्या गटांबरोबर फिरलो आहे, आधी नट म्हणून आणि नंतर दौऱ्यांची व्यवस्था पाहणारा म्हणून. या काळात ज्या एका संस्थेकडे मी पुन्हा पुन्हा वळलो, जिच्या शरीराच्या आणि आवाजाच्या सरावपद्धती आमच्या तालमींत वर्षानुवर्षं वापरल्या, ती ओडिनच. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. आंतरराष्ट्रीय व्हायचं असं ठरवून ओडिन निघालेली नाही. ज्यांना कुणी दारात उभं केलं नाही अशा मंडळींनी ती काढली. तिचे संस्थापक एउजेनिओ बार्बा मूळचे इटलीचे. १९३६ साली ब्रिंडिसीत जन्मले, इटलीच्या आग्नेय टोकाला सालेंतो नावाचा भाग आहे तिथल्या गालिपोलीत वाढले. वडील लष्करात होते, ते लवकर गेले. मुलगा नेपल्सच्या लष्करी शाळेत शिकला आणि १९५४ मध्ये सगळं सोडून नॉर्वेला गेला. तिथे पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम केलं, जहाजावर खलाशी म्हणून राबला, आणि त्याच्या जोडीला ऑस्लो विद्यापीठात शिकत राहिला.

या खलाशी-वेल्डर दिवसांबद्दल बार्बांनी पुढे जे लिहिलं आहे ते मला त्यांच्या सगळ्या नाट्यविचाराचं मूळ वाटतं. नव्या देशात भाषा येत नव्हती. समोरचा माणूस आपल्याला जवळ करतोय की हिणवतोय, हे त्याच्या शब्दांतून कळायची सोय नाही. मग त्याचे खांदे, डोळे, हात पाहायचे. तो वळायच्या आधी त्याच्या पाठीत काय हलतं, बोलायच्या आधी श्वास कुठे अडतो, हे टिपायचं. परक्या मुलखात रोजचा दिवस निभावून नेण्यासाठी आलेली ही सवय पुढे एका दिग्दर्शकाची नजर झाली.

१९६१ मध्ये शिष्यवृत्तीवर ते पोलंडला, वॉर्साच्या नाट्यशाळेत दिग्दर्शन शिकायला गेले. पण वर्षभरातच शाळा सोडून ओपोले या लहान शहरात जाऊन बसले. तिथे येझी ग्रोटोव्स्की हे तरुण दिग्दर्शक 'तेरा रांगांचं थिएटर' नावाची छोटी रंगशाळा चालवत होते. त्या वेळी त्यांना पोलंडबाहेर जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं. बार्बा त्यांच्याजवळ तीन वर्षं राहिले. याच काळात, १९६३ मध्ये, ते भारतात आले आणि केरळमधल्या चेरुतुरुत्ती इथल्या कलामंडलममध्ये पोचले. पहाटेच्या अंधारात उठून डोळ्यांचे, पावलांचे, कमरेचे व्यायाम करणारी कथकलीची मुलं त्यांनी पाहिली. त्यावर लिहिलेला त्यांचा लेख युरोप-अमेरिकेत छापून आला. पाश्चात्त्य नटमंडळींना कथकलीच्या प्रशिक्षणाची तपशीलवार ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या लेखनात तो मोडतो. नट हा वर्षानुवर्षं घडवावा लागतो, तो संहिता हातात पडल्यावर तयार होत नाही, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

१९६४ मध्ये ते ऑस्लोला परतले. परदेशी माणूस, नावावर एकही गाजलेलं नाटक नाही. व्यावसायिक रंगभूमीवर काम मिळेना. तेव्हा त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. ऑस्लोच्या सरकारी नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेत ज्यांना नाकारलं होतं अशा तरुण मुलामुलींना त्यांनी गाठलं. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ओडिन टिएट्रेट सुरू झालं. 'ओडिन' हा नॉर्स पुराणातला देव आणि 'टिएट्रेट' म्हणजे रंगभूमी. तालमीला जागा होती ती हवाई हल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या तळघराची. मुलं दिवसा कुठेतरी नोकरी करत आणि संस्थेचा खर्च स्वतःच्या खिशातून भरत. शिकवायला शिक्षक नव्हते, म्हणून ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं असं ठरलं. कुणाला जिम्नॅस्टिक येत होतं, कुणाला बॅले.

पहिलं नाटक नॉर्वेचे लेखक येन्स ब्योर्नेबू यांचं, 'ऑर्निटोफिलेने', म्हणजे पक्षिप्रेमी. १९६५ मध्ये ते आलं आणि नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क अशा शेजारच्या देशांत फिरलं. चार नटांचं नाटक. दौरा असा काही मोठा नव्हता, पण त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

डेन्मार्कच्या पश्चिमेला होल्स्टेब्रो नावाचं एक आडबाजूचं शहर आहे. साठच्या दशकात या शहराच्या नगरपालिकेने धाडसी म्हणावं असं धोरण धरलं होतं. तरुण शहर सोडून जाऊ नयेत म्हणून कलेवर पैसा खर्च करायचा. त्याच सुमारास त्यांनी शिल्पकार जाकोमेत्ती यांचं एक स्त्रीशिल्प विकत घेऊन भर चौकात बसवलं होतं. त्याच धोरणात ओडिनला बोलावणं गेलं. या आणि इथे रंगभूमीची प्रयोगशाळा चालवा. शहराबाहेरचं एक जुनं शेतघर आणि थोडी रक्कम मिळाली. डुकरं ठेवायची शेड साफ करून, तिच्या भिंती रंगवून नटांनी त्यात तालमीची खोली उभी केली. हे साल १९६६.

गावातल्या पुष्कळांना हे रुचलं नाही. करदात्यांचा पैसा या विचित्र पोरांवर का, अशी ओरड झाली. नगरपालिका मात्र मागे हटली नाही. इथे मला मुद्दाम थांबावंसं वाटतं, कारण ओडिनबद्दल बोलताना लोक बार्बांबद्दल बोलतात, नटांबद्दल बोलतात, आणि ही गोष्ट विसरतात. साठ वर्षं फिरलेल्या या संस्थेला पहिल्या दोन वर्षांतच पक्कं घर मिळालं होतं. परत यायला जागा, तालमीला उबदार खोली, सामान ठेवायला कोठार आणि पाठीशी उभी राहणारी नगरपालिका, एवढं असल्यामुळेच त्यांना एका नाटकावर दीड-दोन वर्षं काम करता आलं. मी ज्या गटांना बंद पडताना पाहिलं, त्यातले बहुतेक दौऱ्यांमुळे थकून बंद पडले नाहीत. परत आल्यावर सामान कुणाच्या गच्चीत ठेवायचं, या विवंचनेने ते मोडले.

होल्स्टेब्रोला आल्यावर घर मिळालं आणि भाषा गेली. नट नॉर्वेचे, प्रेक्षक डेन्मार्कचे. दोन्ही भाषा वाचायला जवळच्या, पण रंगमंचावर ऐकताना नाटकाचं पाणी होतं. काव्य कानावरून घसरतं, विनोद एक सेकंद उशिरा पोचतो. त्यात स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क इथून नवे लोक येऊन मिळाले. इबेन नागेल रासमुसेन ही डॅनिश तरुणी त्याच वर्षी आली आणि पुढे संस्थेचा चेहरा झाली. म्हणजे आता नटांची आपसांतही एक भाषा राहिली नाही. लेखकाच्या शब्दांवर नाटक उभं करायचा रस्ताच बंद झाला. उरलं काय, तर आवाज आणि शरीर.

यावर त्यांनी जे केलं ते फार कष्टाचं होतं. दररोज सकाळी सराव. उड्या, कोलांट्या, तोल घालवून पुन्हा सावरणं, काठीशी खेळणं, आवाज छातीतून, डोक्यातून, पाठीतून काढणं. सुरुवातीला सगळ्यांचे व्यायाम सारखे होते. १९७० च्या सुमारास प्रत्येक नट आपापला सराव स्वतः बांधू लागला. तोर्गेइर वेथल हे पहिल्या दिवसापासूनचे नट. त्यांनी १९७२ मध्ये या सरावावर चित्रफिती केल्या, त्या आजही नाट्यशाळांत दाखवल्या जातात. आमच्या गटाने त्या कितीदा पाहिल्या असतील याची गणती नाही. सुरुवातीला आम्ही नुसत्या उड्यांची नक्कल करायचो. उडी सुरू व्हायच्या आधीचा क्षण पाहायचा असतो, हे कळायला आम्हाला बराच काळ लागला.

'कास्पारियाना' (१९६७) आणि 'फेराई' (१९६९) ही नाटकं या सरावातून आली. फेराईमध्ये अल्केस्टिसची ग्रीक कथा आणि डेन्मार्कच्या एका जुन्या राजाची दंतकथा एकत्र विणली होती. या नाटकाने संस्थेचं नाव पॅरिसपर्यंत नेलं. त्यानंतर १९७२ मध्ये दोस्तोयेव्स्कीच्या आयुष्यावरून सुचलेलं 'मिन फार्स हुस', म्हणजे माझ्या वडिलांचं घर. यात नट रशियनसारखी वाटणारी एक बनावट भाषा बोलत. कोणत्याच देशात कुणालाच शब्द कळणार नाहीत अशी सोय! आणि तरीही युरोपभर लोक हे नाटक पाहून हलून गेले. प्रेक्षक मात्र एका प्रयोगाला जेमतेम साठ-सत्तरच घ्यायचे, नटाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ बसवून.

याच वर्षांत होल्स्टेब्रोला आणखी एक गोष्ट चालू होती, तिची दखल कमी घेतली जाते. गावाने घर दिलं आहे, तर आपण गावाला उपयोगी पडायला हवं, असं मानून त्यांनी कार्यशाळा भरवायला सुरुवात केली. ग्रोटोव्स्की आणि त्यांचे नट रिशार्द चेश्लाक दरवर्षी येऊन शिकवत. मूकाभिनयाचे गुरू एतिएन दक्रू, इटलीचे नाटककार-नट दारिओ फो यांच्यासारखी माणसं येऊन गेली. बाली, जपान, भारत इथले कलावंत आले. सोबत ते एक नाट्यविषयक नियतकालिकही छापत. ग्रोटोव्स्कींचं 'गरीब रंगभूमीकडे' हे पुढे जगभर गाजलेलं पुस्तक १९६८ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं ते याच होल्स्टेब्रोतून. जग पाहायला बाहेर पडण्याआधी त्यांनी जगाला आपल्या शेतघरात बोलावून घेतलं होतं.

आता १९७४. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा काळ हा. 'मिन फार्स हुस' थांबवलं होतं, नवं नाटक तयार नव्हतं. बार्बा सगळ्यांना घेऊन दक्षिण इटलीतल्या कार्पिन्यानो या खेड्यात पाच महिने मुक्कामाला गेले. हा त्यांचा लहानपणचा सालेंतो भाग. तंबाखूची आणि ऑलिव्हची शेती, कष्टकरी माणसं, नाटकाची सवय नाही. इटालियन तरुणी रोबेर्ता कारेरी संस्थेत दाखल झाल्या त्या याच मुक्कामात. नट मंडळी सकाळी उठून आपला सराव करत. गावकरी बघत आणि विचारत, तुम्ही नट आहात म्हणता, मग नाटक का दाखवत नाही?

दाखवायला नाटक नव्हतंच. एका संध्याकाळी नट वाद्यं घेऊन ओळखीच्यांना भेटायला निघाले. रंगीबेरंगी कपडे आणि हातातली वाद्यं पाहून लोक मागोमाग आले, चौकात घोळका झाला. काहीतरी करा म्हणाले. मग त्यांनी आपली उत्तरेकडची गाणी म्हटली, सरावातले काही तुकडे आवाजाने आणि अंगाने करून दाखवले. संपल्यावर टाळ्या वाजून लोक घरी जातील असं वाटलं होतं. पण ते थांबले आणि म्हणाले, आता आमचं ऐका. तंबाखू खुडताना म्हणायची गाणी, ऑलिव्ह वेचतानाची गाणी, फसलेल्या प्रेमाची आणि मरणाची गाणी त्यांनी म्हटली.

इथून त्यांच्या 'बारात्तो'ची, म्हणजे देवघेवीची पद्धत सुरू झाली. आपण आपलं नाटक दाखवायचं आणि त्याच्या बदल्यात तिकिटाचे पैसे घ्यायचे नाहीत. समोरच्यांनी त्यांच्याकडचं गाणं, नाच, गोष्ट, खेळ आपल्याला द्यायचा. ऐकायला हे गोड वाटतं, पण हा विचार भाबडा नाही. शहरातला नट खेड्यात जातो तेव्हा एक तर तो शिकवायला जातो, नाही तर लोककला गोळा करून न्यायला. या दोन्हींत एक बाजू वरची असते. देवघेवीत दोघांनाही समोर उभं राहून काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि दोघांनाही बसून दुसऱ्याचं पाहावं लागतं. गाव आपल्यासमोर गातं तेव्हा गावातल्याच लोकांना आपल्याच म्हाताऱ्यांची गाणी कितीतरी वर्षांनी ऐकायला मिळतात. बाहेरच्या पाहुण्याने केलेलं खरं काम म्हणजे त्या गाण्याला निमित्त देणं.

पुढच्या वर्षी ते सार्डिनिया बेटावरच्या डोंगराळ खेड्यांत गेले. १९७६ मध्ये व्हेनेझुएलात कराकासच्या महोत्सवाला गेल्यावर तिथून आत अॅमेझॉनच्या जंगलात यानोमामी लोकांपर्यंत पोचले आणि 'चला! दिवस आपला असेल' हे नाटक त्यांच्यासमोर करून बदल्यात त्यांचे नाच पाहिले. युरोपातून आलेले वसाहतवाले आणि मूळचे रहिवासी यांच्या गाठभेटीवरचं ते नाटक, आणि ते पाहायला खुद्द मूळचे रहिवासी बसलेले. याच काळात नट उंच काठ्यांच्या पायांवर चालत, ढोल वाजवत रस्त्यांतून मिरवणुका काढू लागले. बंद खोलीतल्या साठ प्रेक्षकांपुरती असलेली संस्था आता अख्ख्या चौकापुढे उभी राहिली.

१९७६ मध्येच बार्बांनी 'तिसरी रंगभूमी' हा शब्द मांडला. पहिली म्हणजे सरकारी किंवा धंदेवाईक, दुसरी म्हणजे प्रयोगशील म्हणून प्रतिष्ठा मिळालेली, आणि तिसरी म्हणजे या दोन्हींत न बसणारे, कुणी दखल न घेतलेले, शाळेत न शिकलेले पण रोज तालीम करणारे गट. लॅटिन अमेरिकेतल्या शेकडो गटांना हे आपलं वर्णन वाटलं. १९७८ मध्ये पेरूमधल्या आयाकुचो या शहरात अशा गटांचा मेळावा भरला, ओडिन तिथे होतं. त्यानंतर लॅटिन अमेरिका हे त्यांचं जणू दुसरं माहेर झालं. महोत्सवांच्या निमंत्रणांपेक्षा अशा गटांच्या परस्पर ओळखींवर त्यांचे दौरे जास्त उभे राहिले. एक गट राहायची सोय करी, दुसरा जागा देई, तिसरा पुढच्या गावापर्यंत ट्रक देई.

पुढच्या पंचवीसेक वर्षांतली नाटकं मी भरभर सांगतो, नाहीतर हे पोथीसारखं लांबेल. १९७८ मध्ये बार्बांनी नटांना तीन महिने बाहेर पाठवलं, जिथे जाऊन जे शिकायचं ते शिका. कुणी बालीला गेलं, कुणी केरळला कथकली शिकायला, कुणी ब्राझीलला कपोएरा ही तिथली लढाऊ नृत्यकला शिकायला, तर काहींनी जोडीने करायचे बॉलरूम नाच घेतले. परत आल्यावर सगळ्यांचं मिळून मार्को पोलोच्या प्रवासावरचं 'द मिलियन' झालं. मग जर्मन नाटककार ब्रेख्तच्या आयुष्यावरचं नाटक, ज्याचं पहिलं रूप ब्रेख्तच्या वारसांनी हक्क न दिल्यामुळे बदलावं लागलं. त्यात इबेन यांनी केलेली मुकी काट्रिन लोक अजून आठवतात. १९८५ चं 'ऑक्सिरिंकसची शुभवार्ता', १९८८ चं 'तालाबोट', १९९३ चं 'काओस्मोस', १९९८ चं 'मिथोस', २००४ चं 'अँडरसनचं स्वप्न'. या बहुतेकांत प्रेक्षक दोन काठांवर समोरासमोर बसलेले आणि नाटक मधून नदीसारखं वाहणारं.

१९७९ मध्ये बार्बांनी 'इस्टा' ही नाट्यमानववंशशास्त्राची फिरती शाळा काढली. तिचं पहिलं सत्र १९८० मध्ये जर्मनीत बॉन इथे भरलं. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तिच्या पायाभरणीत ओडिसी नृत्यांगना संयुक्ता पाणिग्रही होत्या. १९९७ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्या या शाळेच्या आधारस्तंभ राहिल्या. ओडिसी, जपानी बुयो, बालीचे नाच, पेकिंग ऑपेरा यांतले कलावंत शेजारी-शेजारी उभे करून बार्बा विचारत : यांची भाषा, कथा, देव सगळं वेगळं आहे. मग प्रत्येकाने नुसतं उभं राहिलं तरी नजर का हटत नाही? उत्तर शोधताना त्यांना काही समान गोष्टी दिसल्या. रोजच्या उभं राहण्याचा तोल मोडलेला असतो. शरीराचे भाग एकमेकांच्या विरुद्ध ओढले जातात. ओडिसीतली त्रिभंगी आठवा : डोकं एका बाजूला, धड दुसऱ्या, कंबर पुन्हा पहिल्या. कथा सुरू व्हायच्या आधीच शरीरात एक नाट्य घडलेलं असतं.

या विचारावर आक्षेपही आहेत, आणि ते तुम्ही वाचायला हवेत. रुस्तम भरूचा या आपल्या नाट्यअभ्यासकांनी विचारलं, की तंत्र त्याच्या संस्कृतीतून, धर्मातून, जगण्यातून सुटं काढून पाहता येतं का? आणि पाहणारा युरोपचा असेल तर या व्यवहारात बरोबरी खरंच असते का? मला हा आक्षेप बराचसा पटतो. कथकली तीन महिन्यांत शिकून येणं आणि आठ वर्षं शिकणं यांत जे अंतर आहे ते कोणत्याही सिद्धान्ताने भरून निघत नाही. मात्र संयुक्तांसारखी कलावंत वीसेक वर्षं या कामात स्वतःच्या इच्छेने, बरोबरीच्या नात्याने राहिली, हेही मी तितकंच महत्त्वाचं मानतो.

आता पैशांचं आणि व्यवस्थेचं, कारण तुम्ही दौरे करणार आहात. ओडिनला डेन्मार्क सरकारचं आणि होल्स्टेब्रो नगरपालिकेचं अनुदान होतं. उरलेलं ते प्रयोग आणि कार्यशाळा यांतून कमवत. दिग्दर्शकापासून सगळ्यांना पगार सारखा. नट फक्त नट नव्हते. कुणी दौऱ्याचं वेळापत्रक सांभाळायचं, कुणी हिशेब, कुणी चित्रीकरण. आणि सर्वांत कामाची युक्ती म्हणजे एका फेरीत फक्त एक नाटक घेऊन जायचं नाही. मोठं नाटक असे, त्याच्याबरोबर एकेका नटाचे एकपात्री प्रयोग, आपण कसं काम करतो हे उलगडून दाखवणारी प्रात्यक्षिकं, कार्यशाळा, मिरवणूक आणि देवघेव. रोबेर्ता कारेरी यांचं 'हिमातल्या पाऊलखुणा' किंवा युलिया व्हार्ली यांचं 'शांततेचा प्रतिध्वनी' ही अशी प्रात्यक्षिकं. त्यामुळे एका शहरात ते दोन रात्रींऐवजी दोन आठवडे राहू शकत, आणि विमानभाड्याचा खर्च अंगावर येत नसे.

आमच्या एका दौऱ्यात माल पोचवणाऱ्या एजंटाने नेपथ्याच्या ट्रंका दोन दिवस उशिरा दिल्या. पहिला प्रयोग आम्ही एका स्टुलावर आणि एका कंदिलावर केला. त्या रात्री आमच्या नाटकाला खरोखर काय लागतं ते समजलं, आणि पुढच्या दौऱ्यात तीन ट्रंका कमी झाल्या. तुम्ही सामान नेणार असाल तर एटीए कार्ने, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशात नेऊन परत आणायचं कस्टमचं कागदपत्र, काढा आणि यादीत खिळ्यापर्यंत प्रत्येक वस्तू लिहा. जे नेलं ते सगळं परत आणलंत हे कस्टमला दाखवावं लागतं. प्रयोगात फोडायची, जाळायची, खायची वस्तू त्या यादीत घालू नका. ती तिकडेच विकत घ्या.

आणि हो, इंग्रजी. नाटक इंग्रजीत करू नका. तुमचे नट इंग्रजीत विचार करत नसतील तर प्रत्येक वाक्य तोंडात येण्याआधी डोक्यात अडखळेल. ती अडखळण परदेशी प्रेक्षकाला शब्दांपेक्षा आधी दिसेल. मराठीतच करा. आधी तुमच्या तालमीचं चित्रीकरण आवाज पूर्ण बंद करून पाहा. जिथे कंटाळा येतो तिथे खूण करा. तिथे नट फक्त शब्दांच्या आधाराने उभा आहे. मग डोळे मिटून नुसता आवाज ऐका, शब्दांचा अर्थ मनातून काढून टाकून, आणि पुन्हा खुणा करा. या दोन्ही खुणा जिथे एकत्र येतात तो भाग पुन्हा बसवा. वर पडद्यावर भाषांतर दाखवायचंच असेल तर दर प्रसंगाला दोन ओळींपेक्षा जास्त नको. प्रेक्षक वाचू लागला की नटाकडे बघायचं थांबतो. आणि परदेशाआधी जिथे मराठी कळत नाही अशा चार-पाच गावांत प्रयोग करून या. प्रयोगानंतर लगेच सामान आवरू नका. बसा आणि त्यांना त्यांचं काहीतरी म्हणून दाखवायला सांगा.

ओडिनची अलीकडची वर्षं सांगायची राहिली. २०१० मध्ये तोर्गेइर वेथल कर्करोगाने गेले, एका नव्या नाटकाच्या तालमी चालू असताना. 'चिवट आयुष्य' असा ज्याच्या नावाचा अर्थ सांगता येईल असं ते नाटक २०११ मध्ये आलं. रशियात खून झालेल्या पत्रकार आन्ना पोलित्कोव्स्काया आणि मानवी हक्क कार्यकर्त्या नताल्या एस्तेमिरोवा या दोघींना ते अर्पण केलं होतं. २०१६ च्या 'झाड' या नाटकात बाऊल गायिका पार्वती बाऊल आणि बालीचे वायन बावा होते. साठीच्या-सत्तरीच्या घरातले नट आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाचे नवे सहकारी एका रंगमंचावर. २०२० अखेर बार्बांनी, ओडिनचा गट जिचा भाग होता त्या होल्स्टेब्रोच्या संस्थेचं संचालकपद सोडलं. २०२२ मध्ये 'पिवळ्या तापाच्या काळातलं थीब्स' हे नाटक केलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ओडिनचा गट त्या घरातून वेगळा झाला. छप्पन्न वर्षांचं घर सुटलं, तेव्हा बार्बा शहाऐंशी वर्षांचे होते. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

बार्बांची पुस्तकं, कागदपत्रं, मुखवटे, पोशाख यांचा मोठा ठेवा बार्बा आणि युलिया व्हार्ली यांनी इटलीतल्या पुलिया प्रांताला दिला. तो आता लेच्चे शहरातल्या बेर्नार्दिनी ग्रंथालयात 'तरंगती बेटं' या नावाने मांडलेला आहे. लेच्चे म्हणजे सालेंतोचं मुख्य शहर. गालिपोली त्याच जिल्ह्यात, आणि कार्पिन्यानोही. तुमच्या गटाला कधी इटलीचं निमंत्रण आलं तर दोन दिवस जास्तीचे काढा. एक दिवस ग्रंथालयात घालवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाद्यं घेऊन कार्पिन्यानोच्या चौकात जा.